जळता कंदील

मेणबत्ती विझली आणि सातवीच्या पोरांनी असा गलका केला, की शेजारच्या वर्गावरचे खंदारे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापकच, खडू हातात घेऊन दारात आले.

"कोण पडलं?"

"कुणी नाही सर," मी म्हटलं. "विहिरीत दिवा विझला."

विहीर टेबलावर होती. तेलाचा पाच लिटरचा पारदर्शक डबा तोंडाशी कापून पोरांनी त्याला आतून कुंभारमाती लिंपली होती. बघायला समोरची बाजू तेवढी मोकळी ठेवली होती. काठावर दोन पेन्सिली आणि दोऱ्याचं रिकामं रीळ, तो झाला रहाट. काडेपेटीचा पाळणा, त्यात बोटभर मेणबत्ती. तळाच्या वाटीत लिंबाचा रस, आणि त्यात पपईच्या देठाच्या नळीतून खायचा सोडा सोडायचा. फस्स झालं की जड हवा तळाशी साचते, आणि खाली जाणारी मेणबत्ती कुणी चिमटीत धरल्यासारखी विझते.

आमच्याकडे चैत्रात विहिरींचा गाळ काढतात. माणूस उतरायच्या आधी दोराला बांधून कंदील खाली सोडतात. का, ते कुणी सांगत नसे. एक पोरगं म्हणालं, आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, जाग्या आहेत का ते बघतात. मला त्या कंदिलातलं विज्ञान पोरांच्या हातून बाहेर काढायचं होतं, आणि ते निघालं होतं. मी मनातून फुगले होते.

तेवढ्यात द्वारका टेकाळेचा हात वर गेला. बारा वर्षांची किडकिडीत पोर. तिचा हात वर गेला की वर्ग कंटाळून मान टाकायचा.

"बाई, दिवा विझला तर हवा वाईट. कबूल. पण दिवा विझला न्हाई, तर हवा चांगलीच का?"

खंदारे सर अजून दारात होते. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर 'या बाईला वर्ग देऊन चुकलो नाही' असं काहीतरी दिसत होतं.

"हो, मग काय!" मी म्हटलं. "विझला तर वाईट, जळला तर चांगली. सोप्पं."

द्वारकानं ते वहीत लिहून घेतलं. ती सगळंच लिहून घ्यायची.

माझ्याबद्दल सांगायला हवं. मी त्या शाळेत शिपाई होते. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागले. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, आणि त्याची किल्ली माझ्या कनवटीला. विज्ञानाचे सर बदलून गेले, दुसरे आलेच नाहीत, तेव्हा खंदारे सर म्हणाले, "हिंगमिरेबाई, किल्ली तुमच्याकडं आहे, विषयही तुम्हीच घ्या." बारावी मी बाहेरून केलेली, तीही कलेची. विज्ञान शिकले ते नळ्या धुता धुता, जुनी पुस्तकं चाळता चाळता, आणि खरं सांगायचं तर शेंगदाण्याच्या पुड्या वाचून. थंडीत कुठल्याशा गावी दार लावून, उशाशी कोळशाची शेगडी ठेवून झोपलेलं एक कुटुंब झोपेतच गेलं, हे मला अशाच एका पुडीवर सापडलं. धुराचा पत्ता नाही, वास नाही, तरी माणसं गेली. जानेवारीत मी ते पोरांना वाचून दाखवलं होतं. 'विषारी वायू, तो दिसत नाही' एवढं फळ्यावर लिहिलं, आणि पुडी कपाटात ठेवून दिली.

माझं ज्ञान असं होतं. प्रत्येक जिन्नस वेगळ्या डब्यात, झाकण घट्ट. एका डब्यातलं दुसऱ्यात कधी सांडलं नाही.

तिसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. दहा वाजता केंद्रप्रमुख आमची विहीर बघायला येणार होते. खंदारे सरांनी टेबलावर चादर घातली होती. साडेआठला द्वारका आली. पाय घोट्यापर्यंत चिखलात आणि तोंडभर हसू.

"उशीर का गं?"

"बाई, आज आमच्या विहिरीवर खराखुरा प्रयोग केला! मीच केला!"

वर्ग सावरून बसला. मी म्हटलं, "ये, पुढं येऊन सांग."

तिनं वेणी मागं टाकली. "आमच्या विहिरीचा गाळ काढायलेत. आबा आणि बंकटकाका. काका म्हणला, उतरायला नगं, दम धरू, वास मारतोय. आबा म्हणला, दुपारी ऊन चढतंय. मग मी म्हणलं, भांडू नका, बाईंनी शिकवलंय. कंदील पेटवला आन् दोरानं सोडला. काका म्हणला, दिवसाढवळ्या रॉकेल जाळतीस व्हय गं! पण सोडला. अगदी तळापर्यंत. विझलाच न्हाई! मग मी सांगितलं, हवा चांगली हाय, उतरा. काका म्हणला, बाई म्हणतात तर उतरू. उतरले दोघंबी."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हे मी कुणाला सांगत नाही, पण वाजवल्या.

"वास कशाचा मारत होता?" मी सहज विचारलं. चर्चा पुढं न्यायची म्हणून.

"इंजिनाचा, बाई. पाणी लई खाली गेलंय ना, वरून ओढत न्हाई. म्हणून रॉकेलचं लहान इंजिन खाली टप्प्यावर ठेवलंय, विहिरीतच. पहाटेपासून चालू व्हतं. झरा हाय, अजून मधनंमधनं चालू करत्यात."

माझ्या हातात काडेपेटी होती. ती खाली पडली आणि काड्या विखुरल्या. एक पोरगी त्या गोळा करू लागली, आणि मी तिच्या डोक्यावरून भिंतीकडं बघत राहिले. विहिरीच्या पोटात इंजिन. बंद खोलीत शेगडी. दोन डब्यांची झाकणं एकदमच उडाली होती.

शेगडी शेवटपर्यंत जळत होती. पुडीवर तसंच लिहिलं होतं. सकाळी दार फोडलं तेव्हा निखारे अजून लाल होते.

"द्वारका, कधी उतरले?"

"मी निघाले तवा. सव्वाआठला असंल."

"चल."

"कुठं, बाई?"

मी तिचा हात धरून बाहेर पडले. व्हरांड्यात खंदारे सर आडवे आले. "बाई, दहाला केंद्रप्रमुख..."

"सर, टेकाळ्यांच्या विहिरीत विषारी हवा आहे. माणसं आत आहेत. दोर आणा, माणसं आणा."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच सांगितलं होतं, की नाही म्हणून."

त्यांना काय कळलं देव जाणे. आम्ही पळत सुटलो.

विहीर ओढ्यापलीकडं, चालत पाव तासाची वाट. माझं वय तेव्हा तिशीच्या थोडं पुढं, पण पळायची सवय लग्नाआधीच सुटलेली. पदर कमरेला खोचला, चपला हातात घेतल्या, मग त्याही टाकून दिल्या. द्वारका पुढं पळायची, थांबायची, परत पळायची.

"बाई, काय झालं? कंदील तर जळत व्हता!"

"कुणी डोकं दुखतंय म्हणत होतं का?"

तिनं आठवलं. "काका म्हणत व्हता. सकाळी इंजिन चालू करून वर आला तवा. ठणकतंय म्हणला. ऊन लागलं असंल."

पहाटे कसलं ऊन!

ओढ्यात उतरलो तेव्हा इंजिनाचा आवाज आला. फटफटफट, जमिनीखालून येणारा, दबका. मग तो अडखळला, दोनदा खोकला, आणि बंद पडला.

"बंद केलं आबानं," द्वारका म्हणाली. "बघा, ठीक हायेत!"

मला एवढा जीव आला की मी ओढ्यातल्या दगडावर टेकले. त्याच्या हातानं इंजिन बंद झालं, म्हणजे हात चालतोय. मी स्वतःलाच हसले. हिंगमिरेबाई, पुड्या वाचून डोकं फिरलंय तुमचं.

विहिरीवर द्वारकाची आई, चतुराबाई, रहाटाचा दोर धरून बसल्या होत्या. शेजारच्या शेतातला अंगद शिंगाडे गाळाची रिकामी पाटी घेऊन उभा होता. आडदांड गडी, पाटी ओढायला मदतीला आलेला.

"आत्ता इंजिन कुणी बंद केलं?" मी विचारलं.

"बंद कुठलं बाई, रॉकेल संपलं असंल," चतुराबाई म्हणाल्या. "मघापासनं पाटीच भरंनात दोघं. हाका मारल्या. खालीच भाकरी सोडली व्हती, खाऊन आडवे झाले का काय."

मी काठावर पालथी पडून खाली बघितलं.

सात परस विहीर, एकावर एक सात माणसं उभी राहतील एवढी खोल. खालच्या टप्प्यावर इंजिन, आणि इंजिनाच्या कडीला लटकवलेला कंदील. जळत होता. इतका सुरेख, इतका स्थिर जळत होता की देवघरातला वाटावा. त्या उजेडात बंकटराव भिंतीला टेकून बसले होते, हनुवटी छातीवर. द्वारकाचा बाप पलीकडं, पाटी मांडीवर घेऊन, वाकलेला. भाकरीचं फडकं सोडलेलंही नव्हतं.

"आबा!" द्वारकानं हाक मारली. विहिरीनं ती तीनदा परत केली.

बापाचा हात हलला. पाटीवरून सरकला आणि चिखलात पडला. बस्स, तेवढंच.

अंगदनं मुंडासं उतरवलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"अंगदराव, पाय मागं घ्या."

"आँ? माणसं पडल्यात बाई!"

"म्हणूनच. तुम्हीही पडाल. हवा विषारी आहे."

"कंदील जळतोय की!"

"कंदिलाला ही हवा कळत नाही."

अंगद माझ्याकडं बघत राहिला. "परवा शाळेत तुम्हीच शिकवलं न्हवं? ह्या पोरीनं घरी येऊन सांगितलं, सगळ्या आळीनं ऐकलं. परवा कंदील खरा, आन् आज खोटा?"

"परवा मी चुकले. मला अर्धं माहीत होतं, मी पुरं म्हणून सांगितलं."

चतुराबाईंनी दोर सोडला आणि त्या माझ्याकडं आल्या. मला वाटलं, मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी माझ्या दंडाला फक्त घट्ट धरलं.

"बाईमाणूस घाबरलंय," अंगद म्हणाला आणि दुसरी पायरी उतरला. त्याचं चुकत नव्हतं. मी त्या जागी असते तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

"अंगदकाका, शेगडी!" द्वारका ओरडली.

तो थबकला. "कसली शेगडी?"

"थंडीत माणसं मेली व्हती! दार लावून, शेगडी घेऊन झोपल्याली! बाईंनी वाचून दाखवलं. निखारे जळतच व्हते काका, सकाळपोतर जळत व्हते, तरी माणसं मेली!" तिचा आवाज फाटला. "तसंच हाय! विहिरीला दार लावल्यावानी!"

अंगदनं खाली बघितलं, कंदिलाकडं. मग आपल्या पायाकडं. आणि एक एक करत दोन्ही पायऱ्या वर आला. शेगडी त्याला कळली. माझं मॉडेल नाही कळलं.

तेवढ्यात खंदारे सर सायकलवर आले. मागच्या कॅरिअरला दोर, आणि हँडलला त्यांची ती काळी छत्री. बारा महिने त्यांच्याबरोबर असायची ती. मागून अख्खी सातवी पळत येत होती.

हवा कशी हलवायची ते मी कुठंही वाचलेलं नव्हतं. चतुराबाईंनीच सांगितलं, रडता रडता, कुणी न विचारता. "माझा बाप छत्री सोडायचा. उघडी छत्री, वर-खाली, वर-खाली."

सरांनी निमूटपणे छत्री उघडून दिली. दांडीला दोर बांधला. पोरांनी ती सोडली आणि ओढली, सोडली आणि ओढली. पलीकडच्या बाजूनं कडुलिंबाच्या फांद्यांची मोळी, तशीच. काठावर वाकले की जळक्या रॉकेलचा उबट वास वर यायचा, आणि तो येत राहिला की मला धीर यायचा, निदान काहीतरी वर येतंय. किती वेळ गेला? मोजला नाही. एवढंच आठवतं, की प्रत्येक वेळी छत्री खाली जायची तेव्हा कंदिलाची ज्योत हलायची, आणि ती दोन माणसं हलायची नाहीत.

मग अंगदच्या कमरेला दोर बांधला. मी म्हटलं, "शंभर मोजू. शंभराला ओढणार, तुम्ही नको म्हणालात तरी. चक्कर आली तर दोर हलवा."

"मोजा मोठ्यानं," तो म्हणाला. "मला ऐकू येऊ द्या."

सातवीच्या पोरांनी पाढे म्हणावेत तसं मोजायला सुरुवात केली. चाळीसला तो तळाशी. साठला त्यानं भावांतल्या थोरल्याला, द्वारकाच्या बापाला, काखेतून रहाटाचा दोर घातला. ऐंशीला त्याचे हात मंद झाले. मला दिसत होतं, गाठ बसत नव्हती, एकच पीळ तो परत परत देत होता. नव्वदला ती कशीबशी बसली, त्यानं मान वर केली, आणि त्याच्या डोळ्यांत बघून मी ओरडले, "ओढा!" शंभर झाले नव्हते, पण पोरांनी मोजणं सोडलं नाही. ओढता ओढता मोजत राहिली.

बाप वर आला तो काठावरच ओकला. ओकला म्हणजे जिवंत. द्वारका त्याच्या पायाशी बसून ओरडत होती, "आबा, डोळे उघड, आबा!" अंगद पाच मिनिटं पालथा पडून श्वास घेत होता. परत छत्री. परत फांद्या. मग तो दुसऱ्यांदा उतरला. न सांगता. बंकटरावांना वर काढलं तेव्हा त्यांचे गाल तांबूस होते, झोपेतून उठवलेल्या लेकरासारखे. त्या रंगाची मला आजही भीती वाटते.

एक जीप मिळाली. दोघांना तालुक्याला नेलं. अंगदलाही बळंच बसवलं. चतुराबाई गेल्या. द्वारकाला जागा नव्हती.

आम्ही दोघी ओढ्यानं परत आलो. माझ्या चपला जिथं टाकल्या होत्या तिथंच होत्या. ती थांबली आणि म्हणाली, "बाई, मीच उतरवलं त्यांना. काका न्हाईच म्हणत व्हता."

मी खाली बसले. तिची उंची आणि माझी उंची सारखी झाली.

"तू काय विचारलं होतंस मला, आठवतंय? गुरुवारी?"

तिनं मान हलवली.

"बरोबर विचारलं होतंस. विझला नाही तर चांगलीच का, असं विचारलं होतंस. तू विचारलंस, द्वारके. उतरवलं मी."

तिनं माझ्या चपला उचलून माझ्यापुढं ठेवल्या.

बाप आठ दिवसांनी उठून चालायला लागला. बंकटराव तीन आठवड्यांनी घरी आले. बोलायचे, जेवायचे, माणसं ओळखायचे. पण पूर्वी काठावरून खडा टाकून पाणी किती परस खाली आहे ते सांगणारा तो माणूस आता पाचाच्या पुढं मोजताना अडायचा. अडला की लाजायचा.

जूनमध्ये वर्ग आठवीचा झाला आणि मी टेबलावर ती विहीर परत ठेवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी फळ्यावर द्वारकाचा प्रश्न लिहिला, त्याखाली माझं उत्तर लिहिलं, आणि त्यावर काट मारली. मग विचारलं, "जी हवा दिसत नाही, जिला वास नाही, जी दिव्याला कळत नाही, ती मॉडेलमध्ये कशी दाखवायची?"

एक जण म्हणाला, रंगीत धूर करू. दुसरा म्हणाला, खोटं होईल, ती तर दिसत नाही. एक म्हणाली, चिठ्ठी लावू. दोन दिवस भांडले. तिसऱ्या दिवशी द्वारकानं कुंभारमातीची दोन माणसं करून आणली, बोटाएवढी. एक भिंतीला टेकून बसलेला. दुसरा मांडीवर पाटी घेऊन वाकलेला. सोडा नाही, लिंबू नाही. फक्त टप्प्यावर जळती मेणबत्ती.

तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षक आले, वाकून बघितलं. "बाळ, तुझी मेणबत्ती विझत नाहीये. मॉडेल बिघडलंय."

"न्हाई सर," द्वारका म्हणाली. "हेच दाखवायचंय."

बक्षीस मिळालं नाही. ते पवनचक्कीला गेलं.

दुपारी टेकाळ्यांची माणसं बघायला आली. बंकटराव टेबलापुढं उकिडवे बसले आणि कितीतरी वेळ डब्यात बघत राहिले. मी मागं उभी होते. मला पळून जावंसं वाटत होतं.

"ह्यो कोण गं, बसल्याला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही हाव, काका."

"मी?" त्यांनी मान वाकडी करून परत बघितलं. "आन् ह्यो दिवा?"

"जळतोय, काका."

"माणसं झोपल्यात, आन् दिवसाढवळ्या दिवा जाळतीस व्हय," ते म्हणाले. त्यांनी गाल फुगवले आणि अगदी हळू, त्या मातीच्या माणसांना धक्का लागणार नाही असं, फुंकर मारली.